भोरड्यांच्या दिवसातलं इंग्रजी

भोरड्या आल्या की मला इंग्रजी आठवतं.

हसायचं त्यानं हसावं. परवा पुतण्याच्या ज्वारीवर पहिला थवा उतरला. आभाळात कुणीतरी काळंगुलाबी फडकं झटकावं तसा वळला आणि दाणा भरलेल्या कणसांवर पसरला. पुतण्याची बायको हातातलं काम टाकून पत्र्याचा डबा बडवत धावली. मी बांधावर बसलतो. बसल्या बसल्या तोंडातून निघालं, “ऑन हिअरिंग द व्हिसल, क्लोज द गेट.”

सून थबकली. “काय म्हणलाव, मामा?”

“काय न्हाई. तू पाखरं हाण.”

तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा पाखरांकडं, आणि पाखरांकडं गेली. शहाणी आहे. म्हाताऱ्यापेक्षा पाखरू लवकर नुकसान करतं.

मी शिकलेला माणूस नाही. लहानपणी गावच्या मदरशात, म्हणजे निजामाच्या उर्दू शाळेत, अलिफ-बे गिरवत होतो. हात अक्षरावर बसायच्या आत बापानं तो बैलाच्या कासऱ्यावर बसवला. मराठी वाचायला पुढं रेल्वेच्या फाटकावर नोकरीत शिकलो, ते वेळ खायला उठायचा म्हणून. त्यामुळं हे लिहिणं वाकडंतिकडं जाईल. नांगर धरलेल्या हाताची रेघ आहे, तेवढं समजून घ्या.

तर ती सुगी. निजामाचं राज्य होतं आणि आमच्या शिवारातून रेल्वे पडत होती. घाटनांदूरच्या अंगानं मातीचा भराव येत होता, त्यावर खडी, खडीवर लाकडं, लाकडांवर लोखंड. शेतात शाळू कमरेच्या वर, आणि त्यातून हा काळा रस्ता चाललेला. सकाळच्या गारव्यात लोखंडावर घण पडला की आवाज थेट दातात यायचा. खडीचा पांढरा धुरळा कडेच्या कणसांवर बसलेला. त्या वर्षीच्या हुरड्याला कडेच्या चार ओळींत कचकच लागायची. आम्ही तसाच खाल्ला.

मी खडीच्या गँगवर होतो. रस्ता पुढं सरकेल तशी गँग पुढं सरकणार. मुकादमानं सांगूनच टाकलं होतं, “सुगी सरली की तंबू परळीकडं. तिथून पुढं कुठं, ते वरच्यांना ठाव. यायचं त्यानं यावं, बायका गावात ठेवाव्या.”

बायका गावात ठेवाव्या. माझी एकच होती. सोजर तिचं नाव. आमची दोन लेकरं गेलती. एक जन्मताच, एक पहिला दात यायच्या आत. आणि घरात थोरली वहिनी होती, जिच्या तोंडाला कवाड नव्हतं. “हिच्या मांडीला लेकरू टिकत न्हाई,” हे ती पाणवठ्यावर बोलायची, सणाच्या पंगतीत बोलायची, जात्यावर बसली तर जात्याला सांगायची. मी घरात असलो की जरा दबून असायची. मी गँगबरोबर गेलो की सोजर त्या घरात एकटी पडणार. डोक्यावर खडीचं टोपलं आणि डोक्यात हेच.

त्यात बातमी आली की फाटकांवर माणसं भरायची आहेत. जिथं गाडीवाट रुळावरून जाते तिथं फाटक, आणि फाटकाशेजारी दगडी खोली. गेटमननं बायको ठेवली तर चालतं. मी मुकादमाचे पाय धरले. तो म्हणाला, “पाय सोड, जीभ धर. साहेब परीक्षा घेणार हाय. नवा हाय, त्याला ना उर्दू कळती ना मराठी. फाटकाचे कायदे इंग्रजीत बोलून दाखवायचे, आन् करून बी दाखवायचे.”

मी म्हणालो, “गेलं मग.”

घरी येऊन सोजरला सांगितलं. ती भाकर थापत होती. थापता थापता म्हणाली, “इंग्रजी काय, माणसंच बोलत असतील की.”

*

स्टेशनाचं बांधकाम चाललं होतं आणि तिथं एका राहुटीत रेल्वेचा बाबू राहायचा. वरंगलच्या अंगाचा, काडीसारखा, भातासाठी झुरलेला. आमची भाकर त्याच्या घशाखाली उतरायची नाही. सोजर त्याला दह्याचं गाडगं पाठवायची, तेवढ्यावर तो मला शिकवायचा. गळ्यात मफलर, हातात बांबूची छडी. छडी मारायला नव्हती, पाठ खाजवायला होती. कायदे सगळे थोडके. शिट्टी ऐकल्यावर फाटक लाव. लावल्यावर झेंडी दाखव. झेंडी दाखवल्याशिवाय गाडी सोडू नको. उघडण्याआधी दोन्ही बाजूला बघ. यात न कळण्यासारखं काय आहे? शेळ्या राखणाऱ्यालाही कळेल. पण इंग्रजीत गेलं की जिभेला फेफरं.

“देख,” बाबू बोटं उघडायचा. “बिफोर, आफ्टर, ऑन, बाय, विदाउट. ये पाँच लोगां सामने आए तो पीछे के काम को इंग लगनाच. ओपन नक्को, ओपनिंग. क्लोज नक्को, क्लोजिंग. समझा क्या बे?”

“समझा.”

“बोल.”

“बिफोर ओपन—”

“अरे तेरी! इंग किधर गया? इंग तेरे सुसरे के घर गया?”

मी रोज असा शिव्या खाऊन यायचो आणि शेतात सोजरला सांगायचो. ती दिवसभर माळ्यावर असायची. आमच्याकडं चार मेढी रोवून वर फळ्या टाकतात, त्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं राखतात. आमचा तुकडा रुळाला लागूनच होता. तिच्या कमरेला मातीच्या वाळलेल्या गोळ्यांची ओटी, हातात गोफण, आणि डोळे लांब आभाळात. माझं सगळं ऐकून घ्यायची, मधेच “हाऽ हुर्र्याऽऽ” करून गोफण सोडायची, फाडकन आवाज व्हायचा, थवा उठायचा, आणि मग म्हणायची, “हां, बोला.”

एक दिवस तिनंच ते सोडवलं. म्हणाली, “अवं, लई सोपं हाय की. ते पाच म्हंजी सासरे. मोठं माणूस समोर आलं की बाई काय करती? डोक्यावर पदर घेती. तसं हे पाच जण समोर आले की कामानं पदर घ्यायचा. इंग म्हंजी पदर.”

मी खाली ज्वारीत उभा राहून तोंड उघडं टाकलं. बाबूनं हप्ताभर बोटं मोडली होती आणि ही माळ्यावरून सहज बोलून गेली. त्यानंतर माझा इंग कधी हरवला नाही. सासरा दिसला की पदर.

पुढं तिला त्याचा नादच लागला. इंग्रजी कामं तिला ठाऊक नव्हती, मग ती मराठी कामांनाच पदर द्यायची. “बिफोर जेविंग हात धुवा.” “आफ्टर झोपिंग उठून बैलाला टाका.” एकदा वहिनीच्या देखत म्हणाली, “ईदाउट सांगिंग गेलाव कुटं?” वहिनी बघतच राहिली. तिला वाटलं हिच्या अंगात आलं. त्या दिवसापासून ती सोजरला जरा टरकायला लागली, तो इंग्रजीचा पहिला फायदा.

आणि सराव? आमच्याकडं ना फाटक ना झेंडी. मी दोन हातांत ज्वारीची दोन ताटं आडवी धरायचो, ते फाटक. सोजर माळ्यावरून रेल्वे. शिट्टी म्हणजे तिची आरोळी, कारण पाखरं आली की तिला ओरडावं लागायचंच. एका कामात दुसरं. “हाऽ हुर्र्याऽऽ” झालं की मी “ऑन हिअरिंग द व्हिसल” म्हणत ताटं आडवी करायचो. गोफण वाजली की “आफ्टर क्लोजिंग द गेट, शो द फ्लॅग” म्हणत खांद्यावरचा पंचा हलवायचो. भोरड्या उठायच्या, वळायच्या, परत बसायच्या, आणि आमची रेल्वे सारखी यायची. रुळावरून मापं घेत जाणारे ओव्हरसियर थांबून बघायचे. बघू द्या म्हणायचो. दुपारी बांधावर आगटी पेटवून कणसं भाजायची, गरम गरम चोळायची, हिरव्या दाण्याचा वास आणि मिरचीचा ठेचा. हुरडा तोंडात असताना “विदाउट” नीट म्हणता येत नाही, दाणे उडतात. ती हसून हसून आडवी व्हायची. दोन लेकरं पुरलेली बाई अशी हसताना मी त्या सुगीतच पाहिली.

*

आता एक सांगतो, ते बाबूनं शिकवलं नव्हतं, माझं मला कळलं. आपल्या बोलीत काम आधी येतं. ‘दाखवल्याशिवाय’ म्हणतो आपण. दाखवणं आधी, ‘शिवाय’ शेवटी. साहेबाच्या भाषेत ‘शिवाय’ पहिलं. विदाउट. ऐकणाऱ्याला आधीच कळतं की काहीतरी नाही. काय नाही, ते मागून कळतं.

सोजर गेल्यापासून माझी सकाळ तशीच होते. डोळा उघडायच्या आत आधी ते येतं, की काहीतरी नाही. मग कळतं काय. मग उठून चूळ भरतो.

पुतण्या चांगला आहे. सून वेळेवर ताटात वाढते. बोलायला गावभर माणसं आहेत, पारावर बसलं की पाऊस, भाव, कुणाची सोयरीक, सगळं चालतं. पण “बिफोर जेविंग” म्हटलं तर हात धुणारं कुणी नाही. ती एक भाषा होती, आणि जगात ती दोघांनाच येत होती. आता एकालाच येते. एकट्याला भाषेचं काय करायचं? पाखरांना ऐकवतो.

*

परीक्षेचा दिवस. आमच्या शेताजवळचंच फाटक तेवढं उभं झालं होतं, म्हणून परीक्षा तिथंच. सकाळचा पार होता, कणसांवरचं दव अजून वाळलं नव्हतं. बाभळीखाली साहेबाची खुर्ची. तांबडालाल, टोपी गुडघ्यावर, नाकाला सर्दी. बाजूला बाबू, त्याच्यापलीकडं मुकादम, आणि आम्ही परीक्षेला आलेले गडी धुतलेली मुंडाशी बांधून ओळीत उभे. सोजर शेतात माळ्यावर. ती त्या दिवशी गोफण वाजवत नव्हती. भोरड्यांनी सगळी कडेची ज्वारी खाल्ली असेल, पण ती गप उभी होती.

माझी पाळी आली. साहेबानं विचारलं, बाबूनं खूण केली, आणि मी घडाघडा बोललो. पाची सासरे, पाची पदर. साहेबानं मान हलवली. बाबूनं छडीनं पाठ खाजवली, म्हणजे खूश होता. मग करून दाखवायचं. लांब वळणावर इंजिन उभं होतं, एकटं, डब्यांशिवाय. साहेबानं रुमाल हलवला आणि इंजिनानं शिट्टी दिली.

खरी शिट्टी मी इतक्या जवळून ऐकली नव्हती. अंगातून गेली. मी पळालो, फाटक लावलं, तिथवर ठीक. हिरवी झेंडी हातात घेतली. आणि मग काय झालं ते माझं मलाच कळलं नाही. इंजिन धूर सोडत अंगावर येत होतं, शेतातून भोरड्यांचा थवा भर्रकन उठला, आणि माझा हात डोक्याभोवती फिरला. झेंडी गोफणीसारखी गरगरा फिरवली आणि जीव खाऊन ओरडलो,

“हाऽ हुर्र्याऽऽऽ!”

झेंडी कोणत्याही रंगाची असो, गरगरा फिरवली की ड्रायव्हरसाठी ती धोक्याची खूण. त्यानं करकचून ब्रेक लावला. रुळातून ठिणग्या. इंजिन फाटकाच्या अलीकडं येऊन हुंदके देत उभं राहिलं. ड्रायव्हर खाली वाकून ओरडला, “क्या हुआ? कौन मरा?”

कुणी मेलं नव्हतं. मी मेलतो. मुकादमानं कपाळावर हात मारला. बाबू तेलगूत काहीतरी बोलला, ते बरं नसावं. साहेब खुर्चीतून उठला, टोपी खाली पडली, इंजिनाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि रुमालात जोरात शिंकला. दुसऱ्या माणसाला बोलावलं.

मी शेतात आलो आणि ज्वारीत मधोमध खाली बसलो. बाहेरून कुणाला दिसू नये असा. ताटांमधून आभाळाची एक चिरी दिसत होती. पुढचं सगळं दिसत होतं त्यात. परळीचा तंबू, इकडं वहिनीचं तोंड, आणि चुलीपुढं एकटी बसलेली सोजर. पानं सळसळली. ती आली, समोर बसली, फडकं सोडलं. भाकर, ठेचा, कांदा.

“ईदाउट रडिंग खावा,” म्हणाली.

मी खाल्लं.

सुगी सरली. ज्वारी उपटून पेंढ्या बांधल्या, खळं झालं, रान उघडंबोडकं पडलं. भोरड्या जशा आल्या तशा गेल्या. गँगचे तंबू उतरायला लागले तेव्हा मुकादम बांधावरून ओरडला, “ए गोफणवाल्या! परळीच्या अंगाला माळावरचं फाटक तुला दिलं रं!”

कावून दिलं, ते मला आजवर कळलं नाही. बाबू म्हणायचा की साहेब रात्री जेवताना माझी नक्कल करून हसला. मुकादम म्हणायचा, हसला-बिसला काही नाही, त्या उजाड माळावर राहायला दुसरं कुत्रं तयार नव्हतं. मुकादमाचंच खरं असेल.

सोजरनं त्याच दिवशी जातं बैलगाडीत चढवलं. फाटकावर बायको ठेवलेली चालते हे ऐकून होतो, पण तसा कागद माझ्या हातात अजून आला नव्हता. मी म्हणालो, “अगं, थांब की. इचारू तर दे.”

“ईदाउट इचारिंग,” ती म्हणाली आणि जात्याशेजारी चढून बसली.

*

माळावर वारा होता आणि आम्ही होतो. दगडी खोली, वर पत्रा, दारात एक लिंबाचं रोप जे तिनं खरकट्या पाण्यावर जगवलं. गाडी दिवसातून एकदा येऊन जायची, मग पुन्हा वारा. मेंढरं घेऊन धनगर यायचे आणि फाटक लावलेलं बघून तोंड सोडायचे.

“उघड की बे गेटमन! रेल काय तुझ्या बापाची हाय?”

“बापाची असती तर तुला फुकट बसवला असता. थांब.”

सोजर आतून त्यांना ताक आणून द्यायची आणि म्हणायची, “बिफोर ओपनिंग, लुक बोथ साईड, दादा.” धनगर माझ्याकडं बघायचे. मी मान हलवायचो, म्हणजे आहे ते असं आहे. लेकरू पुन्हा झालं नाही. वहिनी कधी भेटली तर पहिल्यासारखीच बोलायची, पण आम्ही माळावरून आलेलो असायचो आणि परत माळावर जायचो, मधल्या बोलण्याला जागा कमी होती. नोकरी सरली तेव्हा गावात आलो. तोवर वहिनीही गेलती. तिचाच मुलगा आम्हाला सांभाळत आला. असं असतं.

मनात मात्र माझ्या एक घर करून बसलं होतं. की मी हिला वाचवलं. इंजिन थांबवलं, थट्टा करून घेतली, जन्मभर वाऱ्यात उभा राहिलो, पण हिला एकटी पडू दिली नाही. कुणाला बोललो नाही, पण अभिमान होता. गड्याला असतो.

मागच्या साली ती आजारी पडली. अंगणात बाज टाकून दिली होती, उन्हाला पडून असायची. हाताला हाडंच राहिलेली. मी शेंगा सोलून दाणा दाणा तिच्या तळहातावर ठेवत होतो, ती खात नव्हती, धरून बसली होती. मला काय सुचलं कोण जाणे, विचारलं,

“तवा, त्या सुगीत, तू लई भ्यालीव्हतीस न्हाई गं? मला फाटक मिळालं नसतं तर?”

“मी?” तिनं डोळे उघडले. “मी कशाला भिऊ?”

“एकटी पडली असतीस की घरात.”

तिला हसू आलं आणि हसताना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाली, “जाऊ काय मला खाणार होती? तिला दोन दिल्या असत्या, दोन घेतल्या असत्या. बायामाणसं राहतेत. मी भीत हुते ते तुमच्यापायी.”

“माझ्यापायी? मला काय झालं असतं?”

“तुमाला एकटं ऱ्हाता येत न्हाई,” ती म्हणाली. कौतुक नाही, टोमणा नाही, भाकरीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. “ते दिसलं मला, लेकरू गेलं तवाच. म्हून तर माळ्यावर बसून इंग्रजी केली. मला काय करायची हुती इंग्रजी?”

तळहातावरचे दाणे तिनं माझ्या हातात परत ओतले.

खरं होतं ते. पावसाळा लागायच्या आत ती गेली. आणि ज्या गोष्टीची धास्ती त्या बाईनं माझ्यापायी जन्मभर घेतली, ती गोष्ट आता मी रोज सकाळी उठून करतो.